गिअर बदलताना गाडी धक्के देते? मानेसरच्या रस्त्यावर शिकलेला धडा

दिल्लीहून जयपूरच्या दिशेने निघालात की गुरुग्रामच्या काचेच्या इमारती हळूहळू मागे पडतात. खेरकी दौलाच्या टोलनाक्याची रांग पार केली की अरवलीच्या बुटक्या टेकड्या दिसू लागतात, आणि मग येतं मानेसर. तुम्ही पुण्याकडचे असाल तर इथे आल्यावर चाकणची आठवण होईल. तसेच रुंद रस्ते, तशीच कंपन्यांची फाटकं, शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर तशीच गर्दी.

हे गावच गाड्यांचं आहे. होंडाच्या स्कूटर इथे २००१ पासून तयार होत आल्या. मारुतीच्या इथल्या कारखान्याचं उद्घाटन २००७ साली झालं. जून २०२५ मध्ये तर नव्या गाड्या थेट मालगाडीत चढवण्यासाठी कारखान्याच्या आवारातच रेल्वेमार्ग सुरू झाला. पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही संस्था वाहनांच्या चाचण्या घेते, तशीच इथे आयकॅट आहे.

अशा गावात माझी गाडी धक्के देऊ लागली, याला काय म्हणावं!

गाडी तशी बाबांची. ते एसटीत चालक होते. निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली ही छोटी पेट्रोल गाडी, डोळ्यांचा त्रास सुरू झाल्यावर त्यांनी माझ्या हाती दिली. "जपून चालव" एवढंच म्हणाले. मला इकडे नोकरी लागली तशी गाडीही इकडे आली. दिवाळीनंतर आई पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आली. तिला फिरवायला निघाले, तर प्रत्येक सिग्नलला गाडी निघताना थरथरायची आणि खालून 'धप्प' असा आवाज यायचा. आईने दारावरचं हँडल घट्ट धरलं होतं. शेवटी म्हणाली, "अगं, आपण रिक्षाने जाऊया का?"

गुरुग्रामच्या एका गॅरेजवाल्याने गाडी न चालवताच निदान केलं, "क्लच सेट गेला, मॅडम. गिअरबॉक्सही खोलावा लागेल." सांगितलेला आकडा माझ्या महिन्याच्या भाड्याहून मोठा होता. एवढा खर्च करण्यापेक्षा गाडी विकलेली बरी, असं मनात आलं. पण बाबांना ते कोणत्या तोंडाने सांगणार?

मानेसरच्या एका ढाब्यावर पराठ्यांची वाट बघत असताना मी त्यांना फोन लावला.

"धक्का कधी बसतो? गिअर टाकताना की क्लच सोडताना?"

"सोडताना. पहिल्या गिअरला आणि रिव्हर्सला जास्त."

"वेगात असताना?"

"तेव्हा काही नाही."

"बरं. आणि ट्रॅफिकमध्ये तुझा डावा पाय कुठे असतो?"

मी गप्प बसले. पाय क्लचवरच असायचा. आई माझ्याकडे बघून हसली.

आधी लक्षण ओळखा

बाबांनी त्या दिवशी जे शिकवलं, ते तुमच्याही उपयोगी पडेल.

पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये निघताना गाडी थरथरत असेल, तर क्लच प्लेट झिजलेली किंवा तेलकट झालेली असू शकते, नाहीतर इंजिन माउंटिंग सैल झालेलं असतं. इंजिनाला गाडीच्या सांगाड्यावर धरून ठेवणारे हे रबराचे आधार वयानुसार आणि खड्ड्यांमुळे तडकतात.

गिअर टाकताना खरखर होत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नसेल, गिअर ऑइल कमी झालेलं असेल किंवा गिअरबॉक्समधल्या सिंक्रोनायझर रिंग झिजल्या असतील.

गिअर न बदलताही गाडी आचके देत असेल, तर दोष गिअरबॉक्सचा नसण्याचीच शक्यता जास्त. आधी स्पार्क प्लग आणि पेट्रोलचा पुरवठा तपासून घ्या.

क्लच घसरतोय का, हे बघायचं असेल तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला पण वेग वाढला नाही, तर क्लच झिजला आहे असं समजा.

मी ही चाचणी सर्व्हिस रोडवर केली. आवाजाबरोबर वेगही वाढला, म्हणजे क्लच अजून पकड धरत होता. मग ढाब्याशेजारच्या गॅरेजमधल्या काकांनी बॉनेट उघडलं आणि मला हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून क्लच किंचित सोडायला सांगितलं. स्वतः मात्र ते गाडीसमोर नाही, बाजूला उभे राहिले. इंजिन एका बाजूला चांगलंच उचललं गेलं. एक माउंटिंग तडकलं होतं! ही चाचणी घरी करू नका, मेकॅनिककडूनच करून घ्या.

नवं माउंटिंग बसवून आणि क्लचची केबल नीट करून दोन तासांत गाडी तयार झाली. पहिल्या गॅरेजने सांगितलेल्या आकड्याच्या तुलनेत खर्च अगदीच किरकोळ आला. काका जाताना म्हणाले, "पाय क्लचवर ठेवलात, तर पुढच्या वेळी खरंच क्लच सेट बदलावा लागेल."

तुमची गाडी एएमटी असेल तर

२०१४ साली आलेली एएमटीची सेलेरिओ याच मानेसरात बनायची. एएमटीमध्ये गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम यंत्र करतं. त्यामुळे गिअर बदलताना मान किंचित हलणं स्वाभाविक आहे. त्या क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा हलका करा. धक्के अचानक वाढले, तर सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून क्लचचं सेटिंग तपासून घ्या.

कधी जाल?

ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. मानेसर काही नकाशावर खूण करून ठेवण्यासारखं पर्यटनस्थळ नाही. पण हिवाळ्यात सुलतानपूरचे पाहुणे पक्षी किंवा सोहन्याजवळचा दमदमा तलाव बघायला निघालात, तर वाट थोडी वाकडी करून इथे गरम पराठे खायला हरकत नाही.

आम्ही त्या संध्याकाळी दमदम्याला गेलो. आईने हँडल धरलं नव्हतं. परतताना तिने बाबांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. "ऐका," ती म्हणाली, "काही आवाज येतोय का?"

बाबा थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "तिसरा टाकला वाटतं आता."

खरंच, मी नुकताच तिसरा गिअर टाकला होता.