चालून राहिलं का बंद पडलं?

गोंदियाजवळच्या बिरसीत विमान बघायला मान वर करावी लागत नाही, कानालाच कळतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 साली, इंग्रजांनी बांधलेल्या धावपट्टीवर आज शिकाऊ वैमानिक चकरा मारतात. त्या घरघरीखाली बसून गावातली एक प्रोग्रामर धानाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिते.

तिचं पहिलं काम एका राइस मिलसाठी होतं. हंगामभराच्या काट्याच्या पावत्या वाचायच्या आणि शेतकरीवार किती कट्टे आले ते काढायचं. पायथनमध्ये लिहिलं, घरी चाललं. मिलमध्ये मात्र बटण दाबलं की खिडकी पांढुरकी पडायची आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' यायचं. मुनीमजींचा फोन आला, "ताई, हे चालून राहिलं का बंद पडलं, काही समजून नाही राहिलं जी." समजेना म्हणून त्यांनी प्रोग्रामच बंद केला. हिशेबाला चाळीसेक सेकंद पुरले असते.

दोष गतीचा नव्हता. खिडकीवर बसलेल्या कारकुनालाच गोदामात कट्टे मोजायला पाठवलं होतं. माउसचा क्लिक ऐकणं, खिडकी पुन्हा रंगवणं ही सगळी कामं प्रोग्राममधला एकच धागा (थ्रेड) ओळीने करतो. तो मोजणीत गुंतला की बाकीची रांग खोळंबते. पाचेक सेकंद खिडकीने दाद दिली नाही की विंडोज तिला अडकलेली ठरवतं. माणसाचा धीरही फार नसतो. याकोब नील्सन यांनी 1993 च्या पुस्तकात दिलेल्या मर्यादा अजून वापरात आहेत: दशांश सेकंदात उत्तर आलं तर ते लगेच वाटतं, एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी टिकते, दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं.

तिने आधी सोपी पळवाट काढली. दर पन्नास पावत्यांनंतर मोजणी क्षणभर थांबवून साचलेले क्लिक उरकायचे. खिडकी जिवंत झाली. मग मुनीमजींनी तेच बटण पुन्हा दाबलं आणि पहिल्या मोजणीच्या पोटात दुसरी सुरू झाली. दोघींची भर एकाच बेरजेत पडून कोणाच्या नावावर दीडपट धान, कोणाच्या दुप्पट! गोठलेली खिडकी परवडली, कारण तिने निदान खोटा आकडा तरी दाखवला नव्हता.

मग वेगळा धागा. तोही थेट पडद्यावर लिहू लागला आणि प्रोग्राम कधी चाले, कधी अचानक कोसळे. हा फक्त तिचा अडाणीपणा नव्हे. जावा भाषेवर काम करणाऱ्या ग्रॅहॅम हॅमिल्टन यांनी 2004 मध्येच लिहून ठेवलं होतं, की पडद्याला अनेक धाग्यांनी एकदम हात लावायचं स्वप्न पुन्हा पुन्हा फसलेलं आहे. शेवटी तिने गोदामवाल्याला, म्हणजे या नव्या धाग्याला, पडद्याच्या वहीला हात लावायची बंदी केली. त्याने फक्त चिठ्ठी टाकायची, कारकुनाने दशांश सेकंदाला पेटी उघडून बघायची. तरी खिडकी हिसके देत होती, कारण नेहमीच्या पायथनमध्ये एका वेळी एकच धागा गणित करू शकतो. मोजणी वेगळ्या प्रोसेसमध्ये हलवली तेव्हा कुठे हिसके थांबले. मोजणी चालू असेपर्यंत बटण निष्क्रिय, आणि शेजारी 'थांबवा'.

बिरसीच्या प्रशिक्षण विमानांत गार्मिन जी-1000 चे पडदे असतात. एखाद्या सेन्सरची माहिती येईनाशी झाली, तर त्या जागी जुना आकडा राहत नाही, लाल फुली येते. हे वाचल्यावर तिने आपल्या प्रोग्रामलाही सवय लावली: दोन सेकंद एकही चिठ्ठी आली नाही, तर आकडा करडा करायचा. गोठलेल्या पडद्याला स्वतःवर फुलीसुद्धा मारता येत नाही, हे तिला त्यातलं खरं भय वाटतं.

'कृपया प्रतीक्षा करा' ही पाटी तिने काढून टाकली. प्रतीक्षा कोण करतं गोंदियात? तिथे आता येतं, 'मोजून राहिलो, 412 पावत्या झाल्या'. पुस्तकी मराठीतल्या 'मोजत आहे'पेक्षा मुनीमजींना हे लवकर पटलं. काम हातात आहे आणि अजून चालू आहे, एवढं त्या एका 'राहिलो'त येतं.

एक गोष्ट मात्र उरली आहे. मोजणी संपल्यावर फाइल जुन्या पेनड्राइव्हवर लिहायला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्यात किती लिहून झालं हे प्रोग्रामला नीट सांगता येत नाही. आकडा शेवटच्या पावतीवर येऊन करडा पडतो, आणि बिरसीत फोन वाजतो.