घर्रर्र... ११ हजार फुटांवर!

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मला वाटलं, गाडी रस्त्याच्या कडेला गेली. अमेरिकेत हायवेच्या कडेला खाचा मारलेल्या असतात. ड्रायव्हरला डुलकी लागली आणि टायर त्यावर गेला की असा काही आवाज होतो, की झोप खाडकन उडते. पण दादा बरोब्बर आपल्या लेनमध्ये होता आणि टक्क जागा होता.

''ऐकलंस?''

ऐकलं होतं. मिक्सरमध्ये चटणीबरोबर चुकून सुपारी गेली तर कसं होईल? तस्सं. उजव्या पुढच्या चाकापाशी, माझ्या पायाखाली. घर्रर्र... आणि गप्प. मग पुन्हा घर्रर्र.

डेन्व्हरहून निघून साडेचार तास झाले होते आणि आम्ही वूल्फ क्रीक पास चढत होतो. कोलोरॅडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले सॅन वान पर्वत सुरू होतात ते इथून. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. म्हणजे ॲस्पनची झाडं पिवळीधमक होण्याचा मोसम! अख्खा डोंगर हळदीला बसल्यासारखा दिसत होता. आणि आम्ही दोघं भावंडं बाहेर बघायचं सोडून चाक ऐकत बसलो होतो.

आता थोडं दादाबद्दल. नऊ वर्षं तो तिथे आयटीत होता. 'होता' म्हणते, कारण ऑगस्टच्या शेवटी त्याची नोकरी गेली. त्याच्या व्हिसाचा फंडा असा, की नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बॅगा भरायच्या. मी पोचले तेव्हा त्यातले २९ दिवस संपले होते. घरी पुण्यात आईला यातलं काहीही माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, मी 'दादाकडे फिरायला' गेलेय.

आणि हा पिकअप. बारा वर्षं जुना, मागे मोठा उघडा हौदा, व्ही-एट एंजिन आणि फोर-व्हील-ड्राइव्ह. परत यायचं ठरलं तर आधी तो विकावा लागणार होता. पण घरघर करणारी गाडी घेणार कोण? डेन्व्हरमधल्या एका गॅरेजनं पुढच्या दोन्ही चाकांचे हब आणि बेअरिंग बदलायचा खर्च सांगितला होता, ११०० डॉलर. गंमत म्हणजे आवाज त्यांना एकदाही ऐकू आला नव्हता! शहराच्या सपाट रस्त्यावर गाडी गुमान चालायची. तरी ११०० डॉलर. पगार बंद झालेल्या माणसाला हा आकडा किती मोठा वाटतो, ते मी दादाच्या चेहऱ्यावर वाचलं होतं.

रात्री दुरँगोला मुक्काम केला. इथून सिल्व्हर्टनला १८८२ पासून वाफेच्या एंजिनाची नॅरोगेज रेल्वे जाते. आपली नेरळ-माथेरान दोन फुटी गेजची, ही तीन फुटी. पूर्वी चांदीचा कच्चा माल आणायची, आता टूरिस्ट नेते. मला जाम जायचं होतं. दादा म्हणाला, तिकिटाच्या पैशात आपलं दोन दिवसांचं पेट्रोल होतं. विषय संपला.

सकाळी हायवे नंबर ५५० धरला. कोल बँक पास, मग मोलास पास. दोन्ही दहा हजार फुटांच्या वर. आणि दोन्ही चढांवर आवाज हजर! पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वळणावर ट्रॅफिक थांबलं म्हणून दादानं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की सुपारी गायब. पुन्हा दाबला, की चार सेकंदांत परत. मी मोबाइलमध्ये नोट करायला लागले. पत्रकाराची खोड, दुसरं काय!

सिल्व्हर्टन म्हणजे जेमतेम सहाशे वस्तीचं गाव. रंगीत लाकडी दुकानं, चहूबाजूंनी डोंगर. एका मागच्या गल्लीत पत्र्याची शेड दिसली. आत दोन उघड्या जीप आणि एक सत्तरीचे आजोबा. गाडी आत घ्या, असं ते म्हणालेच नाहीत. कॉफीचा कप हातात धरून आधी प्रश्न विचारत बसले, आपल्या जुन्या फॅमिली डॉक्टरांसारखे. आवाज कधी येतो? चढावर. पाय उचलला तर? थांबतो. स्टिअरिंग डावी-उजवीकडे वळवलं तर बदलतो? नाही. ब्रेक दाबल्यावर? नाही. मी मोबाइलमधली नोंद वाचून दाखवली, तेव्हा ते माझ्याकडे बघून छान हसले.

मग म्हणाले, बेअरिंग गेलं असतं तर गुरगुर वेगाबरोबर वाढली असती, उतारावरही आली असती आणि एका बाजूला वळताना बदलली असती. ॲक्सलचा सांधा गेला असता तर गाडी पूर्ण वळवताना कटकट झाली असती. हा आवाज पायाचं ऐकतो. म्हणजे दुखणं चाकात नाही, एंजिनाच्या बाजूला असावं.

आम्हाला घेऊन ते गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर गेले. चढ आला. घर्रर्र! त्यांनी शांतपणे डॅशबोर्डवरचं बटण फिरवून फोर-व्हील-ड्राइव्ह लावला. आवाज बंद! एकदम चिडीचूप. टू-व्हीलवर आणलं, पुन्हा सुपारी. आम्ही दोघं येड्यासारखे बघत राहिलो.

शेडमध्ये परतल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला कळलं तसं सांगते. या पिकअपमध्ये पुढच्या प्रत्येक चाकाच्या आत एक दातेरी कडं असतं. फोर-व्हीलमध्ये ते चाकाला ॲक्सलशी जोडतं, टू-व्हीलमध्ये मागे सरकतं आणि चाक मोकळं फिरतं. आता गंमत बघा. जोडायला स्प्रिंग आहे. सोडवायला मात्र हवेची ओढ लागते! एंजिन श्वास घेतं तेव्हा जो व्हॅक्यूम तयार होतो, तो बारीक नळ्यांमधून दोन्ही हबपर्यंत नेलेला असतो. टू-व्हीलवर चालताना हा व्हॅक्यूमच त्या कड्याला सतत मागे ओढून धरतो. ओढ कमी पडली की स्प्रिंग जिंकते, कडं अर्धवट पुढे येतं, त्याचे दाते फिरत्या चाकाच्या दातांना घासतात. ऐका, घर्रर्र. फोर-व्हील लावला की कडं पूर्ण बसतं, मग घासायला काही उरत नाही.

आणि चढावर पाय दाबला की नेमका व्हॅक्यूम पडतो, कारण एंजिन तोंड उघडून हवा घ्यायला लागतं. त्यात ही उंची. इथे मुळात हवाच विरळ! दर हजार फुटांना गेजचा काटा साधारण एक इंच खाली, असा त्यांचा ढोबळ हिशोब. समुद्रसपाटीला जिथे १८-२० इंच दिसतात, तिथे सिल्व्हर्टनच्या ९,३१८ फुटांवर नऊ ते अकरा. डेन्व्हरमध्ये आजार लपून का राहिला, तेही कळलं. तिथे कुणी इतका लांब चढ चढलंच नव्हतं.

मग तपासणी. हातपंपानं त्यांनी दोन्ही हबना आळीपाळीनं व्हॅक्यूम दिला. काटा जागच्या जागी. पूर्ण एक मिनिट. हब ठणठणीत! म्हणजे ज्याचे ११०० डॉलर लागणार होते, त्याला काहीच झालं नव्हतं. नळ्या बोटांनी चाचपून झाल्या, त्याही अखंड. शेवटी एंजिनापाशी हात घालून त्यांनी प्लास्टिकचा एक तुकडा काढला. माझ्या अंगठ्याएवढा. चेक व्हॉल्व्ह. आपल्या सोसायटीच्या पंपाला पाणी उलटं येऊ नये म्हणून एनआरव्ही बसवतात ना, त्याचाच चुलत भाऊ. एंजिनाची ओढ चढावर कमी झाली तरी साठवलेला व्हॅक्यूम मागे पळू नये, हे त्याचं काम.

फडक्यानं पुसून तो त्यांनी माझ्या हातात दिला. म्हणाले, फुंक. फुंकलं, हवा गेली. आता उलट्या बाजूनं. फुंकलं. तीही गेली!

पेट्रोलचा वास नाकात आणि तोंडाला काळं लागलेलं, पण सांगू का, अख्ख्या ट्रिपमधला माझा सगळ्यात आवडता क्षण हाच. दादानं तो माझ्याकडून घेतला. आधी एकीकडून, मग दुसरीकडून फुंकला. मग पुन्हा पहिल्या बाजूनं. तो बराच वेळ फुंकत होता.

नवा व्हॉल्व्ह आजोबांकडे नव्हता. पण त्यांनी एंजिनाकडच्या नळीच्या तोंडात एक जुना बोल्ट घट्ट बसवून दिला. व्हॅक्यूमच नाही म्हटल्यावर दोन्ही कडी कायमची पूर्ण जोडलेली. अर्धवट कारभार बंद. पेट्रोल थोडं जास्त लागेल, बाकी खुशाल डेन्व्हरपर्यंत जा, म्हणाले. २० डॉलर घेतले. कॉफी त्यांचीच.

त्याच दुपारी आम्ही ॲनिमस फोर्क्सला जाऊन आलो. सिल्व्हर्टनहून साधारण १९ किलोमीटर, शेवटचा टप्पा खडबडीत. ११,२०० फुटांवरचं ओसाड गाव. चांदीच्या खाणी होत्या तोवर नांदलं, मग माणसं निघून गेली. दोन-चार लाकडी घरं अजून उभी आहेत. एका घराच्या खिडकीत दादा उभा होता. मी फोटो काढणार होते, पण नाही काढला.

संध्याकाळी रेड माउंटन पास. सिल्व्हर्टन ते यूरे या रस्त्याला 'मिलियन डॉलर हायवे' म्हणतात. कुणी म्हणतं, एका मैलाला दहा लाख खर्च आला म्हणून. कुणी म्हणतं, भरावात सोन्याची माती गेली म्हणून. जेवढी तोंडं तेवढ्या कथा. खरी गोष्ट ही, की कित्येक ठिकाणी दरीच्या बाजूला कठडाच नाही! हिवाळ्यात प्लाऊवाल्यांना बर्फ ढकलायला कड मोकळी लागते. ते काम करताना हिमलोटात गेलेल्या चालकांचं स्मारक याच रस्त्यावर आहे. गाडी यूरेच्या दिशेनं जात असेल तर दरीकडची लेन तुमची नाही, एवढाच काय तो दिलासा.

शिखर ११,०१८ फूट. आपल्या कळसूबाईच्या दुप्पट उंची. दादा चढावर पाय दाबून होता. दोघांनी खिडक्या खाली केल्या, रेडिओ बंद. लाल डोंगर, पिवळी झाडं, टायरचा आवाज, एंजिनाचा आवाज. बास.

आवाज होता तोवर बोलायला विषय होता. आता नव्हता.

''आईला कधी सांगणारेस?'' मी विचारलं.

वळण आलं. ते संपेपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ''यूरेत रेंज असेल ना?''

यूरेत होती. गरम पाण्याच्या कुंडासमोर गाडी लावली. तिथे संध्याकाळचे सात, म्हणजे पुण्यात सकाळचे साडेसहा. आईचा चहा चालला असणार. मी हौद्यात चढून बसले आणि तो पार्किंगमध्ये येरझारा घालत बोलत राहिला. वीस मिनिटं. मग फोन स्पीकरवर टाकून माझ्याजवळ आला.

''अगं, तुला माहीत होतं?'' आई मला म्हणाली.

''हो.''

ती थोडा वेळ गप्प. पाठीमागे गॅसवर काहीतरी उतू जात होतं, ते स्पष्ट ऐकू आलं.

''बरं,'' ती म्हणाली, ''आणि त्या गाडीचं काय झालं? हा म्हणतोय तू काहीतरी तोंडात घातलंस?''