कविता कळत नाही म्हणणाऱ्यांच्या बाजूनं

आपल्यात कवी फार झाले आणि वाचक कमी, ही तक्रार कित्येक वर्षं ऐकतो आहे. तक्रार करणारेही बहुतेक कवीच. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला स्टेजवर कविता होतात. पोरगा मूठ आवळून म्हणतो, टाळ्या पडतात, पुढचं नाव पुकारलं जातं. खाली पोतं अंथरून बसलेल्या म्हातारीला विचारा, आजी काय कळलं? ती म्हणते, "पोरगं लई जोरात बोललं बाबा." तिच्यापर्यंत आवाज पोचला. कविता स्टेजवरच राहिली.

मग आपल्यात भांडण सुरू होतं. एकजण म्हणतो लोक अडाणी आहेत, त्यांची पातळी वाढवा. दुसरा म्हणतो कवी शिष्ट झालेत, पांढरपेशांसाठी लिहितात, त्यांनी सोपं लिहावं. मला दोघांचंही पटत नाही. आपली माणसं अडाणी असती तर वामनदादांची गाणी रात्र रात्र जागून ऐकली नसती. वामनदादा कर्डकांनाही अक्षरओळख मोठेपणीच झाली. आणि कवितेनं सोपंच व्हावं असंही नाही. आपलं जगणं काय सोपं आहे का, की त्याची कविता दोन घोटांत गिळता यावी?

मुद्दा दुसराच आहे. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले, तेव्हा गाणं एकटं जात नसे. गाणं थांबायचं, मधे बोलणं यायचं, सवाल यायचा, जवाब यायचा, हशा व्हायचा, मग पुन्हा गाणं. ज्याला पहिल्या कडव्यात कळलं नाही त्याला बोलण्यात कळायचं. पुढं मुक्तछंद आला. कविता छापील पुस्तकात गेली. चाल गेली, ढोलकी गेली, आणि गाण्याशेजारी उभा राहून बोलणारा माणूसही गेला. कविता पानावर एकटी पडली. आता त्या माणसाची जागा आपण भरायची की नाही, एवढाच माझा सवाल आहे.

शाळेनं ती जागा भरली असं कुणी म्हणेल. शाळेत काय होतं ते आपण सगळ्यांनी सोसलंय. "कवीला काय म्हणायचे आहे?" आणि त्याखाली चार ओळी मोकळ्या. "रसग्रहण करा." उत्तर गाईडमध्ये छापलेलं. पोरगं ते पाठ करतं, मार्क मिळवतं आणि आयुष्यभरासाठी एक गोष्ट शिकतं, की कवितेचा अर्थ दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवलेला असतो, आपण फक्त मागायला जायचं. देवळाच्या पायरीवर थांबवलेल्या माणसाला हे शिक्षण नवं नाही.

१९८३ च्या पावसाळ्यात आम्ही चार-पाच जणांनी वस्तीतल्या समाजमंदिरात रविवारची बैठक सुरू केली. एक कंदील, एक पुस्तक, एक कविता. कविता तीनदा वाचायची, तीन वेगळ्या आवाजांत. पहिल्यांदा शिकलेल्या पोरानं, दुसऱ्यांदा बाईनं, तिसऱ्यांदा ज्याला अडखळत वाचता येतं त्यानं. अडखळणारा जिथं थांबतो तिथंच पुष्कळदा कवितेची गाठ असते. "अर्थ काय" असं कुणी विचारायचं नाही, हा आमचा कायदा. विचारायचं ते असं: कुठं अडलात? हा शब्द तुमच्या घरात बोलतात का? बोलणारा कोण आहे आणि कुणाशी बोलतोय? आणि बोलता बोलता कुणाचं नाव घ्यायचं तो टाळतोय?

एका रविवारी दया पवारांचा 'कोंडवाडा' आणला. १९७४ सालचा संग्रह. आत जाण्याआधीच नावावर अडलो. शहरात वाढलेल्या दोन पोरांना कोंडवाडा म्हणजे काय ठाऊक नव्हतं. एकजण म्हणाला, तुरुंग असेल. कागद-पत्रा वेचणारी एक मावशी होती, तिनं त्याला तोडलं.

"तुरुंग न्हाई रं. कोंडवाड्यात मानूस न्हाई कोंडत, जनावर कोंडत्यात. दुसऱ्याच्या रानात शिरलं की कोंडायचं."

"का शिरतं?"

"भूक लागली म्हनून. त्येला काय बांध कळतोय?"

मग ती सांगत गेली. मालक येतो, दंड भरतो, चारापाण्याचा खर्च भरतो आणि जनावर सोडवून नेतो. कुणीच आलं नाही तर लिलाव. आमच्यातला एक वकिलीचं शिकत होता. तो म्हणाला, हे तर कायद्यातच आहे, इंग्रजांनी १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला त्यात. मावशीला कायद्याशी देणंघेणं नव्हतं. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मंग ह्या कवीनं आपल्याला कोंडवाड्यात बगितलं, तर आपला मालक कोन? दंड कुनी भरायचा? आन मालकानं सोडवलं तर जायाचं कुटं, त्येच्याच दावनीला?"

समाजमंदिर थंड पडलं. त्या रात्री आतली एकही कविता वाचली नाही. एका शब्दावर रात्र गेली. परीक्षेत असं उत्तर कुणी लिहिलं असतं तर मार्क मिळाले नसते. पण सुटका आणि मालकीबदल यांतला फरक आमच्या कुठल्याही शिबिरात इतका उघडा झाला नव्हता.

पुढं त्र्यंबक सपकाळ्यांचा 'सुरुंग' आला. आम्ही शिकलेले लगेच म्हणालो, सुरुंग म्हणजे स्फोट, संताप, विद्रोह. दगडखाणीत राबलेला एक मामा हसायला लागला. म्हणाला, स्फोट तर एका क्षणाचा. त्याच्याआधी भोक पाडायला दिवस जातो. किती खोल, कुठल्या अंगाला, दगडाची शीर कुठून जाते हे बघावं लागतं. मग दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं. "आन फुटला न्हाई, तर लगीच जवळ जायाचं न्हाई. न फुटलेला सुरुंगच मानूस खातो." आमचं अर्ध राजकारण त्या एका वाक्यात बसत होतं. दगडाची शीर न बघता दारू ठासणारे आपल्यात किती आहेत ते मी इथं लिहीत नाही. तुम्ही ओळखाल.

शब्द अडला की आपल्या पोरांना लाज वाटते. ती लाज काढण्यासाठी मी त्यांना 'गोलपिठा' दाखवत असे. नामदेव ढसाळांचा हा संग्रह १९७२ चा, प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. मराठी रंगभूमीवरचा एवढा नावाजलेला नाटककार, पण कामाठीपुऱ्याच्या परिसरातले शब्द त्यांना अडले. त्यांनी कवीलाच अर्थ विचारले, कवीबरोबर ती वस्ती हिंडून पाहिली, आणि आपल्याला कळत नव्हतं हे प्रस्तावनेत छापून टाकलं. म्हणजे पुस्तकाच्या दारातच वाचक आणि कवी यांचं बोलणं बसलेलं आहे. त्या शब्दांपुढं पंडित अडाणी होता आणि गल्लीतला हमाल जाणकार. ज्याला शुद्धलेखन येत नाही त्याला कविता कळत नाही, या समजुतीला तिथंच तडा जातो. तरी आपण अजून कविता हातात घेतली की आधी प्राध्यापकाचं तोंड बघतो.

आमच्या बैठकीला विरोधही झाला. एक जिगरबाज कार्यकर्ता होता, मोर्च्यात सगळ्यांच्या पुढं. तो म्हणाला, "तिकडं आपल्या माणसांची घरं जाळतात आणि तुम्ही कंदिलाखाली शब्द चघळताय. कविता हत्यार आहे, ती चालवायची. तिची चिरफाड भटाबामणांनी करावी." त्याचा राग खोटा नव्हता. मी त्याला एवढंच म्हणालो, हत्यार चालवणाराही आधी धार कुठल्या बाजूला आहे ते बघतो. आणि बाबासाहेबांचं उदाहरण दिलं. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघालं, त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता. तोच अभंग तीनशे वर्षं देवळात टाळ कुटत म्हटला जात होता. मुक्याला जगात कुणी जाणत नाही ही त्यातली गोष्ट भजन्यांच्या कानावरून गेली. बाबासाहेब त्या शब्दापाशी थांबले. नुसते थांबले नाहीत, मुक्यांच्या नावानं पत्र काढलं. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढलं तेव्हा माथ्यावर ज्ञानेश्वरांच्या ओव्या घेतल्या. कविता बारकाईनं वाचणं म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग असेल तर मग हे काय होतं?

तो गप्प झाला, पण पटलं नाही त्याला. पटलं ते दोन वर्षांनी.

१९८५ साली आमच्या वस्तीवर एका कचेरीचा माणूस टाइप केलेले कागद घेऊन आला. लांबच्या माळावर जागा देणार, इथं सही किंवा अंगठा करा, घाई करा, साहेब वाट बघतायत. लोक ओळीनं उभे राहिले. कार्यकर्ताही म्हणाला, करून टाका, जागा तरी मिळेल. मावशीचा नंबर आला. तिनं हात मागं घेतला. म्हणाली, "आधी वाचा. तीनदा वाचा."

कचेरीचा माणूस चिडला. आमच्या बैठकीतल्या अडखळत वाचणाऱ्या पोरानं कागद घेतला आणि वाचायला लागला. दुसऱ्या ओळीत तो अडखळला. शब्द होता 'स्वखुशीने'. रहिवासी स्वखुशीने जागा सोडत आहेत, असं लिहिलेलं. मावशी म्हणाली, "थांब. ह्यो शब्द आपल्या घरात कोन बोलतं? बोलनारा कोन आहे ह्यात?" बोलणारे आम्हीच होतो, आणि तो शब्द आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. मग सगळा कागद कंदिलाखाली घेतल्यासारखा वाचला गेला. माळावरच्या जागेचा त्यात एका अक्षरानं उल्लेख नव्हता. जागा फक्त त्या माणसाच्या तोंडात होती.

त्या दिवशी एकही अंगठा उठला नाही. घरं कायमची वाचली असं मी म्हणणार नाही. पाच वर्षांनी ती गेलीच. पण गेली ती पर्यायी जागा कागदावर लिहून घेऊन, आणि 'स्वखुशीने' हा शब्द खोडून. खोडताना पेन त्या कार्यकर्त्याच्या हातात होतं. नंतर तो बैठकीला यायला लागला. मागं बसायचा, बोलायचा कमी, पण शब्दापाशी सगळ्यांच्या आधी थांबायचा.

मित्रहो, कविता वाचली की सत्ता मिळते असला भाबडेपणा माझ्यात नाही. पण आपल्यावर राज्य झालं ते काठीनं जितकं, तितकंच शब्दानं झालं. पोथीतले, सातबाऱ्यातले, नोटिशीतले शब्द आपल्याला वाचू दिले नाहीत. आणि पुढं वाचता यायला लागलं तरी थांबून विचारायची सवय लागू दिली नाही. कविता ही सवय लावते. कारण कवितेत प्रत्येक शब्द मुद्दाम ठेवलेला असतो, तसाच तो नोटिशीतही असतो.

आता कविता मोबाईलवर येते. एका बोटानं वर सरकते, खाली दहा 'जयभीम' पडतात आणि ती गेली. तुमच्याकडं कंदील नसेल, समाजमंदिराला कुलूप असेल. तरी पाच माणसं आणि एक पान एवढं जमवा. कवी हजर असेल तर त्यालाही खाली बसवा, त्याचं शेवटी ऐका. बाया आल्या नाहीत तर बैठक त्यांच्या कामाच्या वेळा बघून पुन्हा ठरवा, कारण बायांशिवाय वाचलेली कविता अर्धीच कळते. ज्याला सगळ्यात कमी वाचता येतं त्याला घाई करू नका. आणि कुणी म्हणालं "मला कळली नाही", तर त्याला अर्थ सांगू नका. त्याच्या शेजारी सरकून बसा आणि विचारा, कुठं अडलं?