पालघरची वाळू, चिखल आणि रुतलेली गाडी

पश्चिम रेल्वेची गाडी विरार सोडून वैतरणा नदीचे पूल ओलांडते, की डाव्या हाताला खाजणे आणि उजव्या हाताला डोंगर असा मुलूख सुरू होतो. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव अशी एकामागून एक स्टेशने येतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी हा भाग ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. बोईसरला उतरले की कारखान्यांची दाटी, पुढे तारापूरचे १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र. पण त्याच रस्त्याने दोन-चार मैल आडवे जा, म्हणजे भाताची खाचरे, नारळीच्या वाड्या आणि सुरूच्या झाडांमागे समुद्र. केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी, नांदगाव, तारापूर, चिंचणी ही गावे अशी किनारा धरून बसली आहेत.

तुम्ही कधी या बाजूला आलात तर देवळे, किल्ले पाहालच. केळव्याची शीतलादेवी आणि शिरगावचा किल्ला कोणीही दाखवील. मला आज सांगायचे आहे ते इथल्या माणसांच्या एका कामाविषयी. त्या कामाला नाव नाही, त्याचा फलक नाही आणि बहुधा त्याची मजुरीही नाही. ते काम म्हणजे परक्याची रुतलेली गाडी बाहेर काढून देणे.

थंड मुलखात, अमेरिका-कॅनडाच्या जंगलांत, हिवाळ्यात बर्फात गाड्या अडकतात. तिथे दणकट गाड्या बाळगणारी हौशी माणसे आपले दोर आणि विंच घेऊन रात्री-अपरात्री जातात व अडकलेल्याला फुकट सोडवतात. आपल्याकडे केरळात २०१८ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, तेव्हा जीप हाकणारे हौशी लोक असेच मदतीला धावले होते. पालघरला बर्फ नाही. पण दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस आहे, खाजणाचा गाळ आहे आणि वाळू आहे. हौशी मंडळ नाही, त्याची जागा गावच भरून काढते.

वाळूचे आधी सांगतो, कारण शहरातला माणूस तिथेच फसतो. सुरूच्या बनाजवळची कोरडी वाळू भुसभुशीत असते हे त्यालाही कळते. म्हणून तो गाडी खाली, ओल्या वाळूवर नेतो. ती टणक दिसते आणि चाक छान पळते. खोटे नाही, चालत्या गाडीला ती पेलते. पण गाडी उभी केली आणि पाण्याची एक लाट टायरखालून फिरून गेली, की कणांची पकड सुटते व चाक बसू लागते. खाडीच्या तोंडाशी तर वर वाळूचा पापुद्रा आणि खाली गाळ. मग चालक घाबरून अॅक्सिलेटर दाबतो. चाक जागच्या जागी फिरते आणि स्वतःचाच खड्डा खणते. गाडीचे पोट वाळूला टेकले, की चाकावर भार उरत नाही. मग कितीही जोर लावा, उपयोग नाही.

आणि घड्याळ चालू असते. मुंबईहून उत्तरेला खंबातच्या आखाताकडे जावे, तशी भरतीची उंची वाढत जाते. किनारा सपाट असल्याने ओहोटीला पाणी लांब जाते आणि भरतीला तितकेच झपाट्याने परतते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, त्या सुमारास पूर्ण भरती. भाऊबीज म्हणजे द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड, म्हणून दुपारी दीडच्या आसपास पाणी भरलेले. थोडाफार फरक पडतो, पण अंदाज चुकत नाही. शिवाय अमावास्या नुकतीच झालेली, म्हणजे उधाणाचे दिवस. भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी चढते. सकाळी आठला दूर दिसणारा समुद्र अकराला कुठे असेल, याचा हिशेब पाहुण्याजवळ नसतो.

अशाच एका भाऊबिजेला मी केळव्याला होतो. एक मोठी गाडी, आत आजी, दोन लहान मुले, माहेरी निघालेली बहीण. गाडी पार आसापर्यंत रुतलेली. गाव कामात गुंतलेले, कारण दिवाळीत आपल्याकडे भात कापून शिवारात पडलेले असते. आभाळ भरून येत होते. अशा दिवशी ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे, त्याचा एक तास म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. तरी पोरगा धावत वाडीत गेला आणि एक काका भाताच्या पेंढ्या भरलेली ट्रॉली तिथेच सोडून नुसता ट्रॅक्टर घेऊन आले.

त्यांनी प्रथम दोर मागितला नाही. "आधी सगळ्यांना उतरव बाळा, आजींना वर सुरूंत नेऊन बसव," म्हणाले. मग टायरमधली हवा सोडायला लावली. तीस पौंड होती, ती पंधरा-सोळावर आणली. हवा कमी झाली की टायर पसरतो, वाळूवर जास्त जागा व्यापतो आणि कमी बसतो. बायकांनी वाडीतून नारळाच्या झावळ्या आणि गोणपाटे आणली. चाकांपुढची वाळू फावड्याने उतरती केली, पोटाखालची उपसली, झावळ्या अंथरल्या. एवढे झाल्यावर मच्छीमारांच्या होडीचा जाड दोर आला. पाणी मागच्या चाकाशी पोचले होते. ट्रॅक्टर वरच्या घट्ट जागी उभा होता. पहिल्या लो गिअरमध्ये, झटका न देता, त्यांनी दोर ताणला आणि गाडी झावळ्यांवरून कुरकुरत वर आली. पाहुण्याने पाकीट काढले. काकांनी डिझेलपुरते घेतले आणि पेंढ्यांकडे परतले. मला त्यात काही वावगे वाटत नाही. डिझेल काही फुकट येत नाही, आणि उपकाराचे ओझे पाहुण्याच्या डोक्यावर राहू नये हेही एक सौजन्यच.

डोंगराकडची गोष्ट निराळी. पालघरहून मनोरकडे जाताना वाघोबा खिंड लागते. तिच्या आजूबाजूच्या पाड्यांवर पावसाळ्यात कच्च्या वाटा लोण्यासारख्या होतात. तिथे अडकते ती सहलीची गाडी नसते. कधी बाळंतिणीला न्यायला आलेली जीप असते, कधी शाळेचे धान्य. आवणीच्या दिवसांत खाचरातली माणसे गुडघाभर चिखलाने माखलेली तशीच येतात, चाकाखाली दगड आणि करवंदीच्या फांद्या घालतात, खांदा लावतात. तिथे किंमत कोणी विचारीत नाही, कारण उद्या त्याच जीपमध्ये आपल्या घरचे कोणी असेल.

आता ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे, त्यांच्याशी दोन शब्द. मदत करताना माणूस दगावतो तो बहुतेक दोन कारणांनी. एक, ट्रॅक्टर मागच्या मागे उलटतो. दोर वरच्या टॉप लिंकला किंवा सीटखाली उंच बांधला, मागची चाके चिखलात अडकली आणि क्लच एकदम सोडला, की चाके फिरण्याऐवजी पुढचे तोंडच वर उचलते. उलटायला दीड सेकंद पुरतो, ब्रेकवर पाय जायलाही वेळ मिळत नाही. म्हणून दोर नेहमी मागच्या आसाच्या खाली, ड्रॉबारलाच बांधा. पुढे वजन असेल तर उत्तम. स्वतःचा ट्रॅक्टर रुतत असेल तर पुढे रेटू नका, मागे घेऊन बाहेर काढा.

दुसरे कारण दोर. ताणलेला दोर किंवा साखळी तुटली, तर तिचा फटका बंदुकीच्या गोळीसारखा येतो. आपल्याकडे गाडी निघताना पाहायला पोरेबाळे दोराशेजारीच उभी राहतात. त्यांना दोराच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर पाठवा, आणि दोराच्या मध्यावर ओले गोणपाट टाका, म्हणजे तुटला तरी कमी उसळतो. गाडीच्या मागे नुसता गोळा असतो त्याला दोर अडकवू नका, तो निखळून उडतो. गाडीला ओढण्यासाठी खास कडी दिलेली असते, ती शोधा. झाडाला दोर बांधायचाच झाला तर खाली गोणपाटाची रुंद पट्टी द्या. सुरू असो की चिकू, तारेने साल सोलली की झाड वाळलेच.

खाऱ्या पाण्यात उतरलेल्या ट्रॅक्टरला त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून-वरून धुवा. चाकांचे बेअरिंग, ब्रेक आणि जोडण्या यांतले मीठ राहिले तर पुढच्या मोसमात गंज दिसेल. धुऊन झाल्यावर सगळ्या निपलांत नवे ग्रीस भरा, जुने पांढरट झालेले ग्रीस बाहेर येईपर्यंत.