बांगड्याची थंडी

निफाडची थंडी पेपरात येते. दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात तोच 'निफाडचा पारा घसरला' अशी बातमी झळकते, सोबत शेकोटीभोवती बसलेल्या चार माणसांचा फोटो. आकडा येतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या तापमापकावरून. आमच्या तालुक्याला त्या आकड्याचा एक चमत्कारिक अभिमान आहे. महाबळेश्वरपेक्षा आपण खाली आहोत हे कळलं की टपरीवर चहा पिणाऱ्या कानटोप्या खूश होतात. आमच्या घरात या अभिमानात सामील न होणारे दोघे होते: आई आणि बांगड्या.

बांगड्या म्हणजे बोका. आईचं माहेर वेंगुर्ल्याजवळचं उभादांडा. २००८ च्या मे महिन्यात आम्ही तिथे गेलो होतो, तेव्हा मावशीच्या पडवीत भाटीला पिल्लं झालेली होती. त्यातलं एक करड्या रंगाचं, पाठीवरून पोटाकडे उतरत गेलेल्या काळपट पट्ट्यांचं. मावशीने त्याचं नाव आधीच ठेवून टाकलं होतं. येताना आईने त्याला चेनच्या पिशवीत घातलं, चेन डोकं बाहेर राहील एवढी उघडी ठेवली आणि कुडाळहून पनवेलपर्यंत रेल्वेत, पुढे एसटीत, ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. अण्णा सगळा प्रवास खिडकीबाहेर बघत होते. मळ्यात मांजरं कमी होती असं नाही. पण कोकणातून आणायची वस्तू म्हणजे काजू किंवा आंबा, असं त्यांचं मत होतं.

आला तो भर मे महिन्यात. आमच्याकडे तेव्हा पारा ४० वर. कुत्री रांजणाखालच्या ओलीत पडून धापा टाकत होती आणि हे पिल्लू दुपारी दोन वाजता ओट्याच्या तापलेल्या फरशीवर चारी पाय पसरून झोपलं होतं. आजी म्हणाली, "याला ऊन बाधलंय." बाधलं वगैरे काही नव्हतं. मांजराच्या अंगाची ऊब ३८ ते ३९ अंशांची, आणि त्याला खरा आराम वाटतो तो ३० अंशांच्या वर. मांजरांचे पूर्वज उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातली रानमांजरं. आपण ज्या हवेला छान म्हणतो, तिच्यात मांजराला अंग गरम ठेवायला पोटातलं अन्न जाळावं लागतं. हे मला फार पुढे वाचून कळलं. आईला तेव्हाच ठाऊक होतं, फक्त तिचं कारण वेगळं होतं. "आमच्याकडचा हा तो," ती म्हणाली.

पावसाळा त्याने पोत्यांवर काढला. ऑक्टोबरात ऊन परत आलं, बागेच्या छाटण्या झाल्या, बांगड्या बांधाबांधाने सरडे धरत हिंडला. आणि मग भाऊबीज उलटल्यावर एका रात्रीत वारा उत्तरेचा झाला.

निफाडला थंडी पायरी-पायरीने येत नाही. आमचा मुलूख समुद्रापासून लांब, ५५० मीटरच्या आसपास उंचीवर. आभाळ स्वच्छ असलं की दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते आणि गार हवा जड म्हणून गोदावरी-कादवेच्या खोलगट काठांवर येऊन साचते. वेंगुर्ल्याला समुद्र रात्रभर किनाऱ्याला ऊब देत राहतो. तिकडे हिवाळा म्हणजे पहाटे एक चादर. त्या पहिल्या गारठ्यात बांगड्या सकाळी ओट्यावर आला, एक पाय फरशीवर टेकवला, उचलला, झटकला, मग दुसरा टेकवून पाहिला. चारी पायांची चौकशी झाल्यावर त्याने आईकडे पाहिलं आणि असा काही लांब ओरडला की आजीसुद्धा चुलीपुढून उठून आली.

"तेका थंडी वाजता," आई म्हणाली.

"मांजराला अंगभर केस दिलेत देवानं," आजी म्हणाली. "ते काय तुझ्यावानी लुगडं नेसतंय?"

हा संवाद पुढे दरवर्षी झाला. आईने त्याला माझ्या जुन्या स्वेटरच्या बाहीचा अंगरखा शिवला. त्याने तो एका रात्रीत काढून बंबाच्या सरपणात नेऊन टाकला. स्वतःची सोय स्वतः करणारा बोका होता तो. पहाटे बंब पेटला की बंबाच्या कडेला, राख पडते त्या बाजूने. राखेत निखारे असतात हे त्याला पहिल्या हिवाळ्यात डाव्या बाजूच्या मिशा गमावून कळलं, तरी जागा सोडली नाही, चार बोटं मागे सरकला इतकंच. ऊन आलं की पूर्वेचा ओटा, मग कडब्याच्या गंजीचा उतार, दुपारी मागच्या पत्र्यावर. घरात कुठे किती वाजता ऊन येतं हे विचारायचं असेल तर बांगड्या शोधावा. आई पापड तिथेच नेऊन घालायची आणि त्याच्याशी भांडायची.

भांडायची ती मालवणीत. लग्न होऊन ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्या बोलण्याला सगळे हसले असणार, कारण माझ्या आठवणीत ती घरात आमच्यासारखंच बोलते. मालवणी फोनवर मावशीशी आणि बांगड्याशी. मावशीचा फोन आठवड्यातून एकदा यायचा. बाकीचे दिवस बांगड्या ऐकायचा. "काय रे मेल्या, सुकट खाल्लंस मां?" असं विचारून ती उत्तराची वाट बघायची आणि तो शेपटीचं टोक हलवायचा, तेवढ्यावर तिचं पुढचं वाक्य चालू व्हायचं. त्यांच्यात कोकणातल्या नातेवाइकांबद्दल जे बोलणं होई ते आम्हाला कळत नसे, हे एका अर्थी बरंच होतं.

माशांच्या बाबतीत मात्र आई त्याच्या वतीने सरळ खोटं बोलायची. नांदूर मधमेश्वरच्या पाण्यातली मासळी आमच्याकडे येते: रोहू, कटला, कधी मरळ. आई ती रांधायची, पण तोंडात घालत नसे. "त्याला गोड्या पाण्याचं आवडत नाही," असं शेजारणींना सांगायची. तेव्हा बांगड्या तिच्या पाठीमागे कटल्याचं डोकं कानापर्यंत चाटून साफ करत असायचा.

डिसेंबरच्या मध्याला बागेत मण्यांत पाणी उतरायला लागतं आणि थंडी खरी महाग पडते. रात्री पारा फार खाली आणि दुपारी ऊन कडक, असं झालं की मणी तडकतात, वाढ थांबते, भुरी येते, आणि थॉमसनच्या हिरव्या घडांत गुलाबी मणी दिसायला लागतात. 'पिंक बेरी' म्हणतात त्याला; असा माल निर्यातीला चालत नाही. त्यावर उपाय म्हणून घड रद्दीच्या कागदात गुंडाळतात. आमच्या पडवीत रद्दीचे गठ्ठे छातीएवढ्या उंचीचे रचलेले असत आणि सगळ्यात वरच्या गठ्ठ्यावर बांगड्या. कागदाचा थर ऊब धरून ठेवतो हे त्याला अनुभवाने माहीत होतं. मजूर बायका खालचा गठ्ठा ओढायच्या तेव्हा तो वरून हलत नसे, गठ्ठ्यासकट खाली यायचा. आमच्या बागेतल्या किती घडांना त्याचे केस चिकटून गेले असतील, देव जाणे.

ट्रॅक्टरचं प्रकरण वाईट होतं. फवारणी करून अण्णा परतले की इंजिन तासभर गरम राहायचं. बांगड्या बॉनेटवर बसे, ते निवलं की खालून आत शिरे. हिवाळ्यात गाडीच्या इंजिनात मांजर शिरणं ही सगळीकडची गोष्ट आहे. सकाळी गाडी चालू केली की पंखा आणि पट्टा त्याचा निकाल लावतात. एका पहाटे अण्णांनी चावी फिरवायच्या आधी सहज बॉनेटवर थाप मारली आणि आतून काळं वंगण फासलेला बांगड्या बाहेर पडून विहिरीपर्यंत पळाला. अण्णा त्या दिवशी काही बोलले नाहीत. त्यानंतर मात्र थाप मारल्याशिवाय त्यांनी ट्रॅक्टर कधी चालू केला नाही, आणि गड्यांनाही करू दिला नाही. मांजर घरात नको म्हणणारा माणूस तो हाच.

त्यांची खरी ओळख शेकोटीवर झाली असावी. गारठा फार वाढला की पहाटे तीनला उठून बागेच्या कडेने शेकोट्या लावतात, धूर ओळींमधून फिरला की गारवा थोडा अडतो. ठिबकनं पाणी सोडतात, कारण विहिरीचं पाणी त्या हवेपेक्षा कोमट असतं. या कामाला घरातलं कोणी आपण होऊन जात नसे. मी तर झोपल्याचं सोंग करायचो. आपण होऊन जायचा तो बांगड्या. अण्णा काडी ओढायचे, तो तोवर वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसलेला असायचा. एक शेकोटी लावून ते पुढे निघाले की हा तिथेच. शेवटची लावून ते परत आले की दोघे मिळून पहिलीपाशी बसायचे. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस पारा २ अंशांच्याही खाली गेला, गवतावरचं दव गोठून पांढरं झालं. त्या रात्री बांगड्या अण्णांच्या घोंगडीच्या आत होता. हे मला आईने सांगितलं. अण्णा ते मान्य करत नाहीत.

आईला थंडीचं कौतुक पटावं म्हणून अण्णांनी एका रविवारी आम्हाला नांदूर मधमेश्वरला नेलं. पाण्यावर चक्रवाक होते, थापट्या, तलवार बदकं, चिखलात चोच घालून फिरणारे असंख्य. वाटाड्या सांगत होता, हिमालयाच्या पलीकडून, मध्य आशियातून येतात, तिकडे पाणी गोठतं म्हणून. "बघ," अण्णा म्हणाले, "एवढ्या लांबून उबेसाठी इथं येतात." आईने शालीची घडी गळ्याशी आवळली आणि पाण्याकडे बघत म्हणाली, "मग त्यांना म्हणावं, आणखी थोडं खाली या. वेंगुर्ल्यापर्यंत."

एका डिसेंबरात मावसबहिणीचं लग्न निघालं. "बांगड्याक पण नेऊया, बिचारो किती वर्सां झाली," असं आईने मावशीला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं. पुन्हा चेनची पिशवी, आता मोठी, कारण बोका पाच किलोंचा झाला होता. उभादांड्याला पोचल्यावर आईने पिशवी पडवीत, बरोबर त्याच्या जन्माच्या कोपऱ्यात उघडली. तो बाहेर आला, वास घेतला आणि मागच्या खोलीतल्या पलंगाखाली गेला तो दुसऱ्या दिवशीपर्यंत. मी म्हणतो, त्याला काय आठवणार? दोन महिन्यांचा होता. समुद्राचा आवाज ऐकून कान मागे टाकत होता. पडवीतल्या बोक्याने त्याला एकदा बडवलं. ताजी सुरमई त्याने खाल्ली, नाही म्हणायचं कारण नाही.

रात्री हवा असेल २० अंशांची. मावशी आणि तिच्या जावा शाली गुंडाळून "काय थंडी पडली गो" म्हणत होत्या आणि आई पदराने वारा घेत त्यांना हसत होती. इतकी मोकळी मी तिला क्वचित पाहिली आहे. उठून ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली. बांगड्या चुलीवर होता, विझलेल्या चुलीच्या वैलावर, अंगाचं वेटोळं करून, नाकावर शेपूट घेऊन. निफाडला असतो तसाच. आई थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग "उठ, मेल्या" म्हणाली, पण उठवलं नाही.

परत आलो तेव्हा पहाट होती आणि गारठा अंगात शिरत होता. पिशवी उघडताच तो उडी मारून बंबाकडे पळाला. आजी दारातून म्हणाली, "आलं बाई ते आपल्या घरी." आईने पिशवी झटकून दांडीवर टाकली. पण थंडीबद्दलचं आमचं घरातलं बोलणं काही बदललं नाही. दिवाळी सरली की 'तेका थंडी वाजता' सुरू व्हायचं, मग खिडक्या लवकर लागायच्या, चूल उशिरा विझायची, रात्रीच्या जेवणात कुळथाची पिठी वाढायची. बांगड्याच्या नावावर आईने कितीतरी हिवाळे काढले.

तो गेला एप्रिलात, उन्हाच्या दिवसांत, ओट्याच्या त्याच फरशीवर. म्हातारा झाला होता, मूत्रपिंडं थकली होती, बरेच दिवस नुसतं पाणी पीत होता. अण्णांनी बागेच्या कडेला खड्डा खणला. नवं मांजर आणू म्हटलं तर आई नको म्हणाली.

त्या नोव्हेंबरात वारा फिरला त्या सकाळी अण्णा बागेतून आले. बंब पेटलेला होता आणि आई त्याच्या राखेच्या बाजूला पाटावर बसली होती, दोन्ही हात पुढे करून. अण्णा बूट काढत होते.

"अहो," आई म्हणाली, "माका थंडी वाजता."

अण्णांना मालवणी येत नाही असं आम्ही समजून होतो. त्यांनी तिला अर्थ विचारला नाही. आठवड्याने ते नाशिकहून जाड रजया आणि तेलाचा हीटर घेऊन आले, आणि पुढच्या वर्षापासून एक नवी पद्धत पडली. डिसेंबर लागला की दोघं कुडाळच्या गाडीत बसतात आणि संक्रांतीला परत येतात. अण्णा तिकडून फोन करून कुंदेवाडीचा आकडा विचारतात, मागून मावशीकडच्या पंख्याचा आवाज येत असतो. डिसेंबर ते संक्रांत म्हणजे नेमके मणी तडकायचे दिवस. पहाटे तीनला शेकोट्या लावायला मी असतो, आणि आता झोपेचं सोंग करून भागत नाही.