दोन दारी अपील

शेगाव, सोमवार

ती. नानांस,


पहाटे उतरलो. आईला सांगा, दर्शन झालं. स्टेशनवर आधी कचोरी खाल्ली, ते मात्र सांगू नका.

इथे येऊन मी तुमच्याच पेशातल्या माणसाच्या मागे लागलोय. दादासाहेब खापर्डे. रांगेत शेजारच्या आजोबांपाशी नाव काढलं, तर म्हणाले, ‘‘अमरावतीचे ना जी? ते त वऱ्हाडचे नवाब!’’ मुन्सफी सोडून 1890 साली या नवाबांनी अमरावतीत वकिली थाटली. 1897च्या तिथल्या काँग्रेसचे स्वागताध्यक्षही तेच.

दासगणूंनी लिहिलेल्या शेगावच्या गजानन महाराजांच्या पोथीत, 15व्या अध्यायात, ते भेटतात. 1908. अकोल्याच्या शिवजयंतीत टिळकांचं भाषण झालं, महाराज तिथे हजर. पुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला. मित्रासाठी कायद्याची खटपट चालूच होती. तरी खापर्ड्यांनी कोल्हटकर नावाच्या गृहस्थांना शेगावी धाडलं. महाराजांनी प्रसाद म्हणून भाकरी दिली, ती मुंबईला टिळकांपर्यंत पोचली. नाना, तुमच्या वकीलपत्राला कधी भाकरी जोडली होती का?

22 जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्टमध्ये खापर्डे प्रिव्ही कौन्सिलात दाद मागायला विलायतेच्या बोटीवर.

बुलढाणा, बुधवार

ती. नानांस,

खामगावहून बोथ्याच्या जंगलातून आलो. खाली कापसाची काळी रानं, वर घाटात एकदम गार वारा. वाटेत तुमच्या आवडीचा मुद्दा डोक्यात घोळत होता: त्या काळी वऱ्हाडचा मालक निजाम, आणि वर्षाला 25 लाखांवर कायमचा पट्टा इंग्रजांकडे, 1902 पासून. कूळ मालकाला पुरून उरलं!

विलायतेत खापर्डे दोन वर्षं झटले. हाती काही लागलं नाही. परतताना ब्रह्मदेशाकडून वळसा घेऊन त्यांनी मंडालेच्या तुरुंगात टिळकांना गाठलं. तोवर शेगावचं दारही मिटलं होतं: 8 सप्टेंबर 1910ला महाराजांनी समाधी घेतली. भक्त म्हणतात, भाकरी वाया गेली नाही, मंडालेत गीतारहस्य झालं. तुम्ही यावर भुवई उंचावणार, ठाऊक आहे. मीही रांगेत गप्पच बसलो.

मला मात्र यापुढचे खापर्डे जास्त जवळचे वाटतात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते शिर्डीला गेले. वर्षभराने पुन्हा, तेव्हा मार्चपर्यंत राहिले. सकाळी साईबाबांची आरती, मग मंडळींबरोबर पंचदशीचं वाचन, आणि रोजच्या रोज डायरी, तीही इंग्रजीत. कोण आलं, कोण गेलं, बाबा काय बोलले. वकिलाची टिपणंच ती, फक्त युक्तिवाद नसलेली.

तुमच्या माळ्यावरच्या जुन्या डायऱ्या रद्दीत घालू नका. रविवारी पोचतो.

तुमचा,
बाळू