घोड्याचं देणं

१९७४च्या मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाला फुरसं चावलं. रत्नागिरीकडचं आमचं गाव, भाऊ नऊ वर्षांचा, करवंदं काढायला कातळावर गेलेला. रात्री त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि ते थांबेना. पहाटे वडिलांनी चिऱ्यांचा ट्रक अडवला आणि त्याला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कुप्या फोडल्या, आतली भुकटी पाण्यात विरघळवली आणि सलाइनमधून सोडली. आईला म्हणाले, “घोड्याच्या रक्तातलं औषध आहे. अंगावर गांधी उठतील, घाबरू नका.” गांधी उठल्या, हुडहुडी भरली. दुसऱ्या दिवशी दुपारी रक्त थांबलं. कुपीवर मुंबईच्या हाफकिन संस्थेचं नाव होतं.

त्यानंतर मिरजेला मावशीकडे गेलो की आई स्टेशनबाहेरच्या टांग्याच्या घोड्याला मूठभर हरभरे चारायची. टांगेवाला भाडं विचारायचा. आई म्हणायची, “भाडं नको रे, देणं आहे.”

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचतात, आठवड्यांमागून आठवडे मात्रा वाढवत नेतात. घोड्याचं शरीर विषाशी लढायला शिकलं की त्याच्या मानेच्या शिरेतून रक्त काढतात आणि त्यातून औषध तयार करतात. हे मला कळलं तेव्हा मी कॉलेजात मराठी शिकवत होते. आईचे हरभरे तेव्हा पहिल्यांदा मला फार थोडे वाटले.

२००९ साली विद्यापीठातून पत्र आलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीवर विज्ञानाबाहेरचा, सामाजिक भान असलेला एक सदस्य असावा लागतो, तिथे माझी नेमणूक झाली होती. समितीत शास्त्रज्ञ, पशुवैद्य, बाहेरच्या संस्थेतला एक शास्त्रज्ञ, केंद्राचा प्रतिनिधी, आणि मी. मी लगेच हो म्हटलं. भावाची आठवण हे त्याचं खरं कारण होतं, ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

पहिल्या दोन बैठकांत मी तोंड उघडलं नाही. ‘फॉर्म बी’च्या गठ्ठ्यात गटांची नावं, मात्रा, रसायनं. मला समजेल असा एकच रकाना होता, प्राण्यांची संख्या. तिसऱ्या बैठकीत एका वनस्पतीच्या अर्काचा मधुमेहावरचा प्रस्ताव आला. सहा गट, प्रत्येक गटात सहा, एकूण छत्तीस पांढरे उंदीर. मी विचारलं, “सहाच का?” विद्यार्थी गोंधळला. म्हणाला, “मॅडम, सगळे सहाच घेतात.”

पशुवैद्य बाईंनी तेव्हा कागद ओढला आणि मला शेजारी बसवून हिशेब दाखवला. परिणाम किती दिसेल याचा आधी अंदाज नसेल, तर एक ढोबळ नियम वापरतात. एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करायची. उत्तर दहा ते वीसच्या दरम्यान यावं. वीसच्या वर गेलं तर जास्तीच्या प्राण्यांनी माहितीत फारशी भर पडत नाही. छत्तीस वजा सहा, तीस. गटात चारच घेतले तर चोवीस वजा सहा, अठरा. विद्यार्थी नीट अभ्यास करून परत आला आणि चोवीसांत काम झालं. बारा जीव वाचले ते एका साध्या वजाबाकीने. त्या बाईंनी मला प्रश्न विचारायचं धाडस दिलं. त्यांचं ऋण मी कधी बोलून दाखवलं नव्हतं, आज लिहिते आहे.

पण माझे खरे गुरू प्राणिगृहातले मामा. पस्तीस वर्षं त्यांनी पिंजरे धुतले, भुसा बदलला, पाण्याच्या बाटल्या भरल्या. समितीच्या कागदांवर त्यांचं नाव कुठे येत नाही. एकदा बैठक संपल्यावर मला म्हणाले, “बाई, तुम्ही कागद वाचता. एकदा आत येऊन बघा.”

आत गेले. गरम हवेत लघवीचा उग्र वास. मामांनी एका पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. “हा बघा. केस पिंजारलेत, पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसलाय. डोळ्याभोवती लाल दिसतंय ना? लोकांना रक्त वाटतं. रक्त नाही ते. उंदराला त्रास झाला की डोळ्यातून असं येतं. बाई, उंदीर दुखलं म्हणून ओरडत नाही. गप्प बसतो. जो गप्प, त्याच्याकडे आधी बघायचं.” नंतर पशुवैद्य बाईंनी सांगितलं की तो लाल रंग पोर्फिरिनचा असतो आणि मामांचं म्हणणं शब्दशः बरोबर आहे. आणखी एक गोष्ट मामांनीच दाखवली. उंदीर रात्रीचा प्राणी, आणि आपण सगळी तपासणी दुपारी करतो, तो झोपेत असताना. आजारी आणि निजलेला यातला फरक ओळखायचा असेल तर संध्याकाळी दिवे मालवल्यावर यावं लागतं. मामा तसे यायचे. त्या वेळेचा पगार त्यांना मिळत नव्हता.

एक चूक माझीही आहे. सांध्यांच्या सुजेवरचा एक प्रस्ताव संध्याकाळी उशिरा आला होता, मला गावची एसटी गाठायची होती. वेदना किती वाढली की प्रयोग थांबवायचा, हा रकाना त्यात मोघम भरलेला होता. मी वाचला आणि सही केली. तीन आठवड्यांनी मामा म्हणाले, “बाई, त्यातल्या आठांना पाण्याच्या नळीपर्यंत उभं राहता येत नव्हतं. मी खाली वाटीत पाणी ठेवलं.” एवढंच. आवाजात आरोप नव्हता. मी रात्रभर जागी होते. पुढच्या बैठकीपासून माझा आग्रह सुरू झाला की ही मर्यादा आकड्यात लिहा. वजन वीस टक्के उतरलं किंवा अन्नपाण्यापर्यंत पोचता येईना, तर त्याच दिवशी त्या प्राण्याची वेदना थांबवायची, निष्कर्षाची वाट बघायची नाही. आमच्या समितीने ते मान्य केलं. त्या आठ उंदरांना त्याचा उपयोग झाला नाही.

भाषेची शिक्षिका म्हणून एका शब्दाशी माझं कधीच जमलं नाही. प्रयोगशाळेत उंदीर मारला की ‘सॅक्रिफाइस केला’ म्हणतात. मराठीत त्याचा अर्थ बळी दिला असा होतो. बळी देणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण कुणाकडून काय घेतो आहोत आणि कुणापुढे उभे आहोत. अहवालात हा शब्द मात्र हात धुवायला वापरला जातो, असं माझं मत आहे. मामा साधं बोलायचे. “आज सहा गेले.” त्यांच्या नोंदवहीत तारीख, पिंजरा, संख्या आणि पुढे हेच लिहिलेलं असायचं, गेले. तो शब्द मला खरा वाटतो.

आपल्याकडे हे सगळं ज्या कायद्याने होतं तो १९६०चा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आणलेल्या खासगी विधेयकापासून त्याची सुरुवात झाली. नृत्यासाठी आयुष्य दिलेल्या बाईने प्राण्यांसाठी संसदेत उभं राहावं, याचं मला आजही अप्रूप आहे. त्या कायद्यातच लिहिलं आहे की पुस्तकं, प्रतिकृती, चित्रपट यांनी शिकवणं भागत असेल तर प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत. कायद्याने हा दरवाजा किती आधी उघडून ठेवला होता, आणि आपण त्यातून आत जायला किती उशीर केला! १९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी पर्याय शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा अशी त्रिसूत्री मांडली. आपल्या देशाच्या नियमांनी त्यात पुनर्वसनाची भर घातली. प्रयोगानंतर जगलेल्या प्राण्याचं पुढे काय, याची जबाबदारी प्रयोग करणाऱ्यावर येते. मला हे चौथं सूत्र फार आपलं वाटतं. घेतलं त्याला शेवटपर्यंत सांभाळायचं, हे आमच्या आईलाही कळत होतं.

प्रयोग बंदच करा म्हणणारे मित्र माझे आहेत. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. भाऊ आज साठीत आहे, चिपळूणला नातवंडांत रमतो. त्याच्या डाव्या घोट्यावर अजून तो डाग आहे. घोड्याच्या रक्तावर जगलेल्या घरातली मी, प्रयोग नकोत असं मला म्हणता येत नाही, आणि पाहिजे तितके करा असंही म्हणवत नाही. मला एवढंच म्हणता येतं की किती, का, आणि त्याला दुखलं तर काय, हे प्रत्येक वेळी विचारलंच पाहिजे.

दोन मुदती संपवून मी समितीतून बाहेर पडले. त्याच वर्षी मामा निवृत्त झाले. निरोपाला मी त्यांच्या पाया पडले तेव्हा ते मागे सरकले, “अहो बाई, काय करता.”

तुमच्यापैकी कुणाला असं पत्र आलं, शिक्षक असाल, वकील असाल, घर सांभाळणाऱ्या असाल, तर आपल्याला विज्ञान कळत नाही म्हणून नकार देऊ नका. जा. आणि पहिल्या सहीच्या आधी, संध्याकाळी दिवे मालवल्यावर, प्राणिगृहात एक चक्कर मारा. तिथे पिंजरे धुणारं जे कुणी असेल, त्याच्याजवळ थोडा वेळ बसा.